न्यूट्रल तुटते तेव्हा...

फर्स्ट इयरला बेसिक इलेक्ट्रिकलच्या ओरलला सरांनी मला विचारलं होतं, "न्यूट्रल तुटली तर काय होईल रे?" मी छातीठोकपणे उत्तर दिलं, "सर, सर्किट ओपन होईल. दिवा लागणार नाही." सर नुसते हसले आणि पुढच्याला बोलावलं. २५ पैकी १७ मार्क पडले, मीही खूश झालो.

त्या अर्धवट उत्तराची खरी किंमत मला दीड वर्षाने कळली. ती होती १०,८४० रुपये. हे पैसे बाबांनी माझ्या हॉस्टेलच्या दुसऱ्या हप्त्यासाठी बाजूला काढून ठेवले होते.

मित्रांनो, आपल्यापैकी निम्म्याहून जास्त जण गावाकडून आलेले. आपल्या घरी आई-वडील, आजी-आजोबा एकटे असतात, आणि घरात विजेचं काही बिघडलं की फोन आपल्यालाच येतो. "तू इंजिनिअरिंगला आहेस ना, मग सांग!" अशा वेळी सांगण्यासारखं काहीतरी आपल्याकडे असावं, म्हणून हा लेख.

आमचं घर आरे-वारेला. रत्नागिरीहून साखरतर, काळबादेवी करत गणपतीपुळ्याकडे जाणारा किनाऱ्याचा रस्ता बहुतेकांनी पाहिला असेल. डोंगराच्या वळणावर गाडी थांबवून खालच्या दोन्ही किनाऱ्यांचे फोटो काढणारे पर्यटकही पाहिले असतील. फोटोत जे दिसत नाही ते मी सांगतो. समुद्राची खारी हवा. ती दाराच्या कड्या खाते, सायकलची चेन खाते आणि विजेच्या तारांचे जोडही खाते. त्यात घराभोवती माड, आणि माडांच्या मधून गेलेली लाईन.

जून महिना, मृगाचा पाऊस. संध्याकाळी साडेसातची वेळ. आई टीव्ही पाहत होती, आजी देवापाशी. बाहेर वारा सुटला आणि आमच्याच माडाची एक सुकलेली झावळ लाईनवर पडली. ती झावळ उतरवायची म्हणून बाबा महिनाभर पाडेल्याला निरोप देत होते, तो काही आला नव्हता. म्हणजे दोष द्यायचा तर आमच्या माडाला आणि आमच्या आळसाला!

झावळ पडली आणि लाईट गेली नाही. उलट वाढली. आई म्हणते, "सगळे दिवे एकदम पांढरेफेक झाले. मला वाटलं, आज व्होल्टेज चांगलं आलंय." दहा-पंधरा सेकंदांत टीव्हीमागून फट् आवाज आला. मग सेट-टॉप बॉक्स, मग फ्रिजमागून जळका वास, मग एकेक दिवा. आजीने ओरडून सांगितलं, "अगो, मेन बंद कर आधी!" आईने मेन स्विच खाली पाडला म्हणून पंखे तरी वाचले. आजीचं शिक्षण चौथीपर्यंत, पण त्या रात्री घरातला सगळ्यात हुशार इंजिनिअर तीच होती.

गंमत म्हणजे शेजारच्या अण्णांकडे बरोबर उलटं झालं. त्यांच्याकडे दोन खोल्या पर्यटकांना देतात. गीझर चालू होता, पाहुणे गरम पाण्यासाठी ओरडत होते आणि गीझर थंडगार. त्यांचं मात्र काहीच जळलं नाही.

हे झालं कसं?

खांबावरच्या लाईनला तीन फेज आणि एक न्यूट्रल. प्रत्येक घराला एक फेज आणि न्यूट्रल मिळते, म्हणजे २३० व्होल्ट. पण दोन फेजमध्ये मोजलं तर २३० गुणिले वर्गमूळ ३, म्हणजे सुमारे ४०० व्होल्ट. आमचं घर एका फेजवर, अण्णांचं दुसऱ्या. तिसऱ्या फेजवरची घरं मुंबईकरांची. ती गणपतीत आणि शिमग्याला उघडतात, एरवी कुलूप. म्हणजे तिसऱ्या फेजवर लोड जवळपास शून्य.

झावळीने तुटली ती फक्त न्यूट्रल, तीही आमच्या दोन्ही घरांच्या आधीच्या गाळ्यात. फेजच्या तारा शाबूत. आता करंटला परत जायला न्यूट्रल नाही, मग तो एका फेजमधून आमच्या घरात येतो, घरांना जोडणाऱ्या उरलेल्या न्यूट्रलच्या तुकड्यातून अण्णांच्या घरात जातो आणि तिथून दुसऱ्या फेजला मिळतो. म्हणजे आमची दोन्ही घरं ४०० व्होल्टवर सिरीजमध्ये जोडली गेली!

सोयीसाठी सगळे लोड साधे रेझिस्टन्स धरू. अण्णांचा गीझर २००० वॅटचा. त्याचा रेझिस्टन्स २३० चा वर्ग भागिले २०००, म्हणजे सुमारे २६.५ ओहम. आमच्याकडे त्या वेळी टीव्ही, दिवे मिळून १०० वॅट धरा. रेझिस्टन्स ५२९ ओहम. एकूण ५५५.५ ओहम. करंट ४०० भागिले ५५५.५, म्हणजे ०.७२ अँपिअर. आता व्होल्टेज वाटून पाहा. अण्णांकडे ०.७२ गुणिले २६.५, म्हणजे १९ व्होल्ट. आमच्याकडे ०.७२ गुणिले ५२९, म्हणजे ३८१ व्होल्ट!

अर्थिंगमुळे, इतर घरांमुळे प्रत्यक्षातला आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण चित्र हेच. ज्याचं लोड कमी, त्याच्या डोक्यावर व्होल्टेज जास्त. काटकसरीने दोन दिवे लावून बसलेल्या घराचंच नुकसान होतं. न्याय नाही, पण ओहमचा नियम आहे.

३८१ व्होल्टला टीव्ही का फुटतो? टीव्हीच्या सप्लायमध्ये एसीचं आधी डीसी होतं आणि ते एका मोठ्या कपॅसिटरवर साठतं. २३० व्होल्टचं शिखर असतं ३२५ व्होल्ट, म्हणून तो कपॅसिटर साधारण ४०० किंवा ४५० व्होल्टचा घातलेला असतो. ३८१ चं शिखर होतं ५३९. मग फट् असा आवाज येणारच.

एमसीबी का पडला नाही?

हा प्रश्न मला बाबांनी विचारला. "तूच मागच्या दिवाळीत हौसेने एमसीबी बसवून घेतलास ना? मग तो झोपला होता काय?"

एमसीबी झोपला नव्हता. त्याला व्होल्टेज दिसतच नाही, फक्त करंट दिसतो. आमच्या घरात करंट एक अँपिअरसुद्धा नव्हता, तो कशाला पडेल? हे नीट समजून घ्यायला हवं, कारण दुकानात सगळे डबे सारखेच दिसतात, पण प्रत्येकाचा शत्रू वेगळा असतो.

एमसीबी हा ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किटसाठी. तो मुख्यतः वायर वाचवतो, आग टाळतो.

आरसीसीबी हा गळतीसाठी. फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांत फरक पडला की तो तोडतो. घरासाठी ३० मिलीअँपिअरचा घ्यायचा. तो माणूस वाचवतो.

सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे एसपीडी, हा आकाशातल्या विजेमुळे लाईनवर येणाऱ्या क्षणिक झटक्यांसाठी. झटका मायक्रोसेकंदांचा. मिनिटभर टिकणारे ३८१ व्होल्ट हे त्याचं काम नव्हे, उलट तोच जळू शकतो.

ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर हा आमच्यासारख्या प्रसंगासाठी. व्होल्टेज ठरवलेल्या मर्यादेच्या वर किंवा खाली गेलं की तो घर लाईनपासून तोडतो आणि सगळं ठीक झाल्यावर थोडा वेळ थांबून पुन्हा जोडतो. फ्रिजसाठी हा थांबा तीन मिनिटांचा ठेवावा. कमी व्होल्टेजची बाजूही महत्त्वाची, कारण १४०-१५० व्होल्टवर मोटर नीट फिरत नाही, जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग जळतं. विहिरीवरचे पंप बहुतेक असेच जातात.

आमच्याकडे चारपैकी पहिलाच होता. एक खेळाडू घेऊन मॅच खेळायला उतरलो होतो.

जांभ्यातलं अर्थिंग

दुसऱ्या दिवशी ओळखीचा एक जण आला. लाईन दुरुस्त व्हायला वेळ होता, म्हणून म्हणाला, "न्यूट्रल अर्थिंगला टाकतो, रात्रीपुरती लाईट चालेल." ही युक्ती कोकणात बऱ्याच ठिकाणी करतात. आईने मला फोन लावला म्हणून बरं. मी हॉस्टेलच्या जिन्यात बसून गणित केलं.

आमच्याकडे जांभा. जांभ्याच्या सड्यावर पावसाचं पाणी झिरपून जातं आणि उन्हाळ्यात खड्डा कोरडा ठणठणीत. अशा जागी जुन्या अर्थिंगचा रेझिस्टन्स २० ओहम धरला तरी चालेल. १००० वॅटची इस्त्री लावली, म्हणजे सुमारे ५३ ओहम. एकूण ७३. करंट ३.१५ अँपिअर. तो २० ओहमच्या खड्ड्यातून जाताना अर्थिंगच्या तारेवर ६३ व्होल्ट उभे राहतात. आणि अर्थिंगची तार तर फ्रिजच्या, मिक्सरच्या, पंपाच्या बॉडीला जोडलेली! ओल्या पायांनी फ्रिज उघडणाऱ्या आजीच्या हाताला ६३ व्होल्ट. मी आईला सांगितलं, "कंदील लाव, पण हे करू देऊ नको."

याच खड्ड्याची दुसरी बाजू बघा. समजा फ्रिजमध्ये फेज बॉडीला टेकली. करंट २३० भागिले २०, म्हणजे ११.५ अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी यावर कधीच पडणार नाही. बॉडी तशीच जिवंत राहील. म्हणून खडकाळ जमिनीवरच्या घराला आरसीसीबी हा चैनीचा विषय नाही. अर्थिंग कसं असावं हे आयएस ३०४३ या मानकात दिलेलं आहे. लायब्ररीत मिळालं तर जरूर चाळा.

बिल

टीव्हीचा बोर्ड ३२००, फ्रिजचा बोर्ड ४६००, सेट-टॉप बॉक्स १२००, सहा दिवे ५४०, दोन चार्जर ७००, वायरमनची मजुरी ६००. एकूण १०,८४० रुपये. बाबांनी हप्त्यातून पैसे काढले आणि मला फोनवर फक्त एवढंच म्हणाले, "मेसचं बिल पंधरा दिवस उशिरा भरशील ना?" मी हो म्हटलं. मेसच्या मामांनी समजून घेतलं, त्यांचे आभार इथेच मानतो.

गणपतीत घरी गेलो तेव्हा परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरकडून काम करून घेतलं. व्होल्टेज प्रोटेक्टर १४००, आरसीसीबी १९००, एसपीडी १८००, नवा अर्थिंगचा खड्डा ३५००, मजुरी १२००. एकूण ९,८००. हे आमच्या घरचे आकडे, तुमच्याकडे फरक पडेल. पण तुलना बघा. संरक्षणाचा खर्च एका अपघाताच्या खर्चाहून कमी आहे. समजा असा प्रसंग पाच वर्षांतून एकदा येतो, तर वर्षाला सरासरी २,१६८ रुपये नुकसान. आणि ९,८०० चं साहित्य दहा वर्षं टिकलं तर वर्षाला ९८०. हे गणित इकॉनॉमिक्सच्या पेपरला विचारत नाहीत, आयुष्यात विचारतात.

भिशी, वॉरंटी आणि विमा

तरीही काहीतरी बिघडणारच. लाकडी पट्टीवरची जुनी वायरिंग, बोर्डात शिरलेल्या मुंग्या, उंदराने कुरतडलेली केबल, पागोळ्यांनी भिजलेली भिंत. त्या खर्चाची तरतूद कशी करायची?

अमेरिकेत होम वॉरंटी नावाचा प्रकार आहे. वर्षाला ठराविक रक्कम भरायची, वायरिंग किंवा फ्रिज बिघडला की कंपनी माणूस पाठवते आणि दर भेटीला ठरलेली फी घेते. आमच्या वाडीत अण्णांनी सुचवलं, "आपण आपलीच भिशी करू." बारा घरं, महिन्याला शंभर रुपये. वर्षाचे १४,४००. ज्याच्याकडे बिघाड, त्याला त्यातून मदत. कल्पना सगळ्यांना आवडली.

मी मात्र एक शंका काढली. एखाद्याचा पंप जळला, एखाद्याचा बोर्ड गेला, तर भिशी पुरेल, कारण हे बिघाड वेगवेगळ्या दिवशी होतात. पण न्यूट्रल तुटली तर? एकाच रात्री पाच घरांचे टीव्ही जातील. वादळ आलं तर बाराही घरांचं नुकसान एकदम. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आठवा, आपल्या जिल्ह्यात दापोली-मंडणगडकडे काय हाल झाले. पुढच्याच वर्षी १६ मे २०२१ ला तौक्ते आमच्या समोरून गेलं. त्या दिवशी भिशीचे १४,४०० कुणाकुणाला पुरणार? सगळ्यांवर एकाच वेळी येणाऱ्या संकटासाठी गावाबाहेरचा भागीदार लागतो. विमा म्हणजे तेच. आरे-वारेचं नुकसान नागपूरच्या हप्त्यातून भरून निघतं.

मग विमा काढला की झालं? थांबा. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित घर-पॉलिसी आहे. आग, वादळ, पूर, भूकंप, वीज कोसळणे हे सगळं तिच्यात येतं. इमारतीचा विमा काढला की घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळतं. पण वगळलेल्या गोष्टींच्या यादीत एक ओळ आहे. विद्युत उपकरणात शॉर्ट सर्किट, जादा दाब, आर्किंग, गळती यामुळे त्याच उपकरणाचं झालेलं नुकसान मिळत नाही. म्हणजे टीव्ही जळून घराला आग लागली तर घराचे पैसे मिळतील, नुसता टीव्ही जळला तर टीव्हीचे नाही! त्यासाठी 'हाऊसहोल्डर्स' प्रकारच्या पॉलिसीत घरगुती उपकरणांच्या बिघाडाचं वेगळं कलम घ्यावं लागतं. एजंटला पहिला प्रश्न हाच विचारा. दुकानातल्या वाढीव वॉरंटीचंही तसंच. आमच्या टीव्हीच्या कार्डावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की व्होल्टेजमुळे झालेला बिघाड धरला जाणार नाही. कार्ड चार वर्षं कपाटात होतं, वाचलं कुणीच नव्हतं.

तक्रार करायची ती कागदावर

ढोबळ नियम असा, की मीटरपर्यंतची लाईन वीज कंपनीची आणि मीटरनंतरचं सगळं आपलं. महावितरणकडे तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे. लाईनमुळे उपकरणं जळली तर फोनवर थांबू नका, लेखी अर्ज द्या. तारीख, वेळ, जळलेल्या वस्तूंचे फोटो, दुरुस्तीची बिलं, तक्रार क्रमांक, आणि त्याच वेळी नुकसान झालेल्या शेजाऱ्यांच्या सह्या. समाधान झालं नाही तर विद्युत कायदा २००३ च्या कलम ४२ खाली ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहेत. भरपाई मिळेलच असं मी म्हणत नाही. झावळ आपल्याच माडाची असेल तर तोंड उघडायलाही जागा राहत नाही. पण कागदच नसेल तर विषय तिथेच संपतो.

सुट्टीत घरी जाल तेव्हा

१. लाईनजवळ गेलेल्या झावळ्या, फांद्या पावसाळ्याआधी काढून घ्या. मात्र लाईन बंद केल्याशिवाय कुणालाही झाडावर चढवू नका.

२. किटकॅट फ्यूज अजून असेल तर उघडून बघा. त्यात फ्यूज वायरच्या जागी जाड तांब्याची तार असेल, तर तो फ्यूज राहिलेला नाही, नुसता जोड आहे.

३. आरसीसीबीचं 'टी' लिहिलेलं बटण दर महिन्याला दाबा. पडला नाही तर बदला.

४. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला. वर्षातून एकदा रेझिस्टन्स मोजून घ्या.

५. सगळ्या बिलांचे, वॉरंटी कार्डांचे फोटो काढून स्वतःजवळ ठेवा.

६. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरातल्या प्रत्येकाला मेन स्विच कुठे आहे ते दाखवा. दिवे अचानक फार प्रखर झाले किंवा काही घरांत प्रखर आणि काही घरांत मंद झाले, तर वाट बघायची नाही. आधी मेन बंद, मग फोन.

आमच्या वाडीत आता भिशी चालू आहे, लहान बिघाडांपुरती. बाराही घरांत अजून प्रोटेक्टर बसलेले नाहीत, सात घरांत बसलेत. मुंबईकरांना गणपतीत पकडायचं ठरलंय. मेन स्विचपाशी मी आजीसाठी खडूने बाण काढला, तर ती म्हणाली, "मला नको दाखवू, तुझ्या आईला दाखव."

सर, हा लेख आपल्या वाचनात आला तर फर्स्ट इयरचं ते उत्तर मला दुरुस्त करू द्या. न्यूट्रल तुटली तर दिवा लागतो. कधीकधी फार जास्त लागतो.